बरणीतला नाला

पळसझरीच्या नाल्यावर त्या सकाळी जेवढी गर्दी होती, तेवढी पोळ्यालाही होत नाही. बायका दगडांवर, पोरं बाभळीवर, म्हातारे सावलीला, आणि मधोमध सारवलेल्या ओट्यावर निर्मळनाथ महाराज. त्यांच्यापुढं काचेची बरणी. बरणी लोणच्याचीच होती, पण झेंडूचा हार घातला की कोणतीही वस्तू आपली मूळ ओळख विसरते आणि बघणारेही विसरतात.

गावचे पुढारी चंपतराव पटेल यांनी नाल्याच्या डोहातून स्वतःच्या हातानं बरणी भरून आणली. गढूळ, मातकट पाणी.

"देखो! हे काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"पानी!" गर्दी ओरडली.

"गलत! हे आसरांचे अश्रू आहेत. सातही बहिणी डोहाच्या तळाशी बसून रडत आहेत. त्यांच्या शोकाचे परमाणू या जलात उतरले आहेत. विज्ञानानंही आता हे मान्य केलंय."

कोणत्या विज्ञानानं, ते महाराजांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. इकडच्या प्रत्येक डोहाकाठी त्यांचे सात दगड शेंदूर लावून मांडलेले असतात. त्यांच्याबद्दल उलटं विचारायची कोणाची छाती होत नाही.

महाराजांनी कमरेच्या पिशवीतून चिमूटभर विभूती काढली, बरणीत टाकली, कडुनिंबाच्या काडीनं ढवळलं, वरून भगवं फडकं झाकलं आणि भजन सुरू केलं. एक झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला टाळ वाजवणाऱ्यांचे हात दुखायला लागले. मग महाराजांनी फडकं उचललं.

"अगं माय वं!"

गाळ तळाला जाऊन बसला होता आणि वरचं पाणी असं नितळ, की बरणीपलीकडचा पटेलांचा चेहरा कपाळापासून मिशांपर्यंत दिसत होता. बायकांनी हात जोडले. एक म्हातारी रडायलाच लागली.

या सगळ्यांच्या मागं, करंजीच्या झाडाला टेकून, बयनाबाई उभी होती. तिनंही पाणी पाहिलं. पाणी साफ झालं होतं, तेवढं तिला दिसलं. त्यापुढं तिला काहीच वाटलं नाही. गेल्या महिन्यापासून तिचं हे असंच चाललं होतं. दिसायचं सगळं, ऐकूही यायचं, पण आत काही पोचायचं नाही. शाळेच्या स्वयंपाकात वरणाचं उकळतं पातेलं हातावर कलंडलं, कातडी सोलून निघाली, तर सोबतची देवकाबाईच किंचाळली. बयनाबाई नुसती हाताकडं बघत राहिली होती.

तिचा नवरा देवानंद गेला त्याला तेवढेच दिवस झाले होते. कपाशीवर फवारणी करून आला, ओट्यावर बसला, तोंडाला फेस आला, डोळे बारीक झाले. आदिलाबादच्या दवाखान्यात नेईपर्यंत श्वास अडकत होता. डॉक्टर तिला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी समजावत होते, अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत. बयनाबाई मान हलवत राहिली. तिच्या कानात एकच गोष्ट राहिली, की आता काही होणार नाही.

आणि मग नाल्यात मासे पालथे पडून तरंगायला लागले. दोन-चार घरच्या लेकरांना ओकाऱ्या झाल्या. कोणाची बकरी मेली. गावाला कारण पाहिजे होतं. कारण शोधायला चंपतराव पटेलांनी महाराजांना आणलं आणि महाराजांनी ते बरणी साफ करता करता शोधूनही काढलं.

"या गावात एक घर असं आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले, "जिथल्या बाईनं सुतकात नाल्यातून पाणी भरलं. आसरा विटाळल्या, कोपल्या! माता म्हणतात, त्या घरचं लेकरू आमच्या डोहावर आणा. आईच्या हातानं त्याला हे निर्मळ जल पहिल्यांदा पाजा. मग सगळं गाव पिऊ दे. मग कोप उतरेल."

सगळ्यांनी मागं वळून करंजीच्या झाडाकडं पाहिलं. सुतकात पाणी भरलं होतं खरं. चंचल, तिची तिसरीतली पोरगी, तहानली होती आणि घरात भरून द्यायला कोणी नव्हतं. बयनाबाईनं कळशी उचलली होती. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

तिचा सासरा नागोराव गर्दीतून पुढं गेला आणि महाराजांच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "आनतो, महाराज. नातीले आनतो. पन गावाले सांगा, आमच्या घराले वाळीत नका टाकू म्हना."

"सर्वपित्री अमावास्येला," महाराज म्हणाले.

नागोरावानं सुनेकडं पाहिलं. "सूनबाई, आयकलं का?"

"बरं," बयनाबाई म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

आता शाळेकडं वळू. पळसझरीच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायला यामिनी टीचर आदिलाबादहून बसनं येत. दर वर्षीसारखा वरून आदेश आला होता की मुलांकडून पर्यावरण रक्षणाचा प्रकल्प करून घ्या. दर वर्षीसारखी मुलांनी थर्माकोलची पृथ्वी आणली, वर चमकी लावलेली, खाली दोन हात, आणि 'झाडे लावा' लिहिलेलं.

"ही पृथ्वी खूप छान आहे," टीचर म्हणाल्या. "पण हिला काय झालंय, ते तुम्हाला कुठं माहीत आहे? मलाही नीट माहीत नाही. ती राहू द्या. आपल्या गावात काय आजारी आहे ते सांगा."

शेवटी नववीतली रूपाली उठून म्हणाली, "नाला."

"कशावरून?"

"टीचर, मासे मरून राह्यले ना."

"कोणत्या भागात? सगळीकडं, की एकाच ठिकाणी? कधीपासून? कशावरून?"

तेव्हापासून त्या वर्गात 'कशावरून'शिवाय पान हलेना. कोणी म्हणालं की आसरा कोपल्यानं मासे मेले, तर टीचर रागावायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, कशावरून? कोणी म्हणालं की उन्हानं मेले, तरी तेच. पोट्टे वैतागले. मधल्या सुट्टीत एकमेकांना "माही पेन्सिल तू घेतली" म्हटलं तरी समोरचा "कशावरून?" विचारायला लागला.

स्वयंपाकाची खोली वर्गाला लागूनच. भात ढवळता ढवळता बयनाबाईच्या कानावर तो शब्द दिवसभर पडायचा. तिला तो शब्द वाटायचाही नाही, भिंतीपलीकडचा नुसता आवाज.

पोरांनी नाला चालत पालथा घातला. वरच्या अंगाला, जंगलाच्या बाजूनं, मासे जिवंत होते. खेकडेही होते. गावच्या वावरांपाशी आलं की मासे कमी, आणि पायवाटेच्या उताराखाली एकही नाही. त्या उतारावर काय होतं? काहीच नव्हतं. नुसते घसरडे दगड, आणि पाण्यात अडकलेल्या फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या.

रूपालीची मैत्रीण मयूरी हुशार. ती म्हणाली, "इथं लोक कायले उतरतात, थे घरोघर जाऊन इचारू."

तर इकडं एक रीत आहे. फवारणीचा पंप धुतल्याशिवाय उंबरठ्याच्या आत आणायचा नाही. घरात देव, घरात लेकरं, पिठाचा डबा. विष आहे ते, घरात कसं आणणार? म्हणून माणूस वावरातून येताना वाटेत नाल्यात उतरतो, पंप विसळतो, बाटल्या बुडवतो, हातपाय धुतो आणि स्वच्छ होऊन घरी येतो. रीत वाईट आहे का? अहो, काळजीपोटीच पाळतात सगळे. फक्त घराबाहेर ठेवलेलं विष पुढं कुठं जातं, हे रीत पाडणाऱ्यानं पाहिलं नव्हतं. ते डोहात यायचं. डोहाकाठच्या वाळूत बायका झिरे खणतात, त्यातून पाणी भरतात, कारण बोरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही जाळ घातला तरी शिजत नाही आणि नाल्याच्या पाण्यात लगेच शिजते. चांगलं वरण पाहिजे म्हणून नाल्याचं पाणी, आणि घर चांगलं पाहिजे म्हणून नाल्यात पंप.

रूपाली बयनाबाईकडंही आली. चाचरतच आली.

"मावशी, काका पंप कुठं धुवत होते?"

"नाल्यात." बयनाबाईचा हात भातात चाललेलाच. "मीच सांगे. धुतल्याशिवाय आत नाई आनू दे मी."

"उतारापाशी?"

"हो. तिथंच धुतात सारे."

रूपाली गेली. बयनाबाईनं भात उतरवला. आपण काय सांगितलं, याचा तिनं दुसरा विचार केला नाही.

पुढच्या दिवसांत स्वयंपाकखोलीच्या खिडकीत बाटल्या आल्या. तिथं सावली होती म्हणून टीचरनी परवानगी मागितली आणि बयनाबाई बरं म्हणाली. प्रत्येक बाटलीत वेगळं पाणी आणि पाण्यात वळवळे. डासांच्या अळ्यांना पोरं वळवळे म्हणायची. शाळेमागच्या फुटक्या टाक्यात हवे तेवढे मिळायचे.

"डास मेले तर कोणी रडणार नाही," टीचर म्हणाल्या. "आणि कीटक मारायचं औषध पाण्यात असेल तर सगळ्यात आधी यांनाच कळेल."

बोरिंगच्या पाण्यात वळवळे मजेत वरखाली करत होते. नाल्याच्या वरच्या अंगाच्या पाण्यातही. डोहाच्या पाण्यात मात्र ते आधी गरगर फिरले, मग वाकडे झाले, मग तळाला गेले.

"टीचर," मयूरी म्हणाली, "पन महाराजांनी पानी साफ केलं ना? साफ पान्यात तं नाई मरनार."

"साफ कशानं केलं?"

एक पोरगा म्हणाला की त्याची आजी पावसाळ्यात माठात तुरटी फिरवते, तेव्हा गाळ असाच खाली बसतो. न्हाव्याकडून तुरटीचा खडा आला, कुटला गेला, डोहाच्या पाण्यात ढवळला गेला. भजनाऐवजी पोरांनी पाढे म्हटले. पाढे संपले तेव्हा पाणी महाराजांच्या बरणीइतकंच नितळ झालं होतं. पोरं नाचायलाच लागली.

"थांबा," टीचर म्हणाल्या. "आता यात वळवळे टाका."

टाकले. मेले.

"म्हनजे इष तसंच हाये!" रूपाली ओरडली.

"कशावरून? तुरटीनंच मेले असतील तर?"

पोरांचे चेहरे उतरले, पण मग त्यांनी स्वतःच ठरवलं. बोरिंगच्या पाण्यात माती कालवली, तेवढीच तुरटी टाकली, पाढे म्हटले. पाणी नितळ झालं. वळवळे टाकले. ते जगले. संध्याकाळपर्यंत जगले आणि दुसऱ्या दिवशीही.

बयनाबाई खिडकीपाशी भांडी घासत होती. तिनं बाटल्यांकडं पाहिलं. दोन्ही सारख्याच नितळ. एकीत हालचाल, दुसरीत तळाला काळे धागे. ती बराच वेळ बघत राहिली. राख तिच्या हाताच्या जखमेला लागली होती, तेही तिला कळलं नाही.

"बयनाबाई," यामिनी टीचर तिच्याजवळ येऊन म्हणाल्या, "चंचलला ते पाणी पाजू नका. एवढंच ऐका माझं."

"बरं."

टीचर तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. हीच बाई महाराजांसमोर सासऱ्यालाही बरं म्हणाली होती. या बरंवर विसंबून राहायचं कसं?

टीचर नागोरावाकडं गेल्या. म्हातारा खाटेवरून उठला, त्यांना बसायला घोंगडी टाकली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "टीचर, तुमी शिकल्या-सवरल्या. पन पोरीनं पानी नाई पेलं तं उद्यापासून माह्या दारात कोनी यीन का? माह्या पोराच्या मासिकाले लोक आले नाई. सुनेच्या हातचा भात पोट्ट्यायनं खाऊ नये म्हनून मायबाप शाळेत सांगून राह्यले. मी मेलो मंग या दोघी कोनाच्या भरवशावर राह्यतीन?"

टीचर पटेलांकडंही गेल्या. पटेलांनी चहा पाजला आणि हसून विचारलं, "टीचर, तुमची बदली जवळ आली म्हनते कोनी. खरं हाय का?"

टीचरनी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि घरी जाऊन ठरवलं की अमावास्येला सगळ्यांसमोरच काय ते होईल. बयनाबाईच्या हातून पेला जबरदस्तीनं काढावा लागला तरी काढीन, असंही त्यांनी मनाशी म्हटलं.

अमावास्या आली. आदल्याच दिवशी कोरडं ऊन पडलं म्हणून निम्म्या गावानं फवारणी उरकली होती आणि रिवाजाप्रमाणं पंप नाल्यात धुतले होते. सकाळी डोहावर पुन्हा तीच गर्दी, तीच बरणी, ताजा हार. गर्दीच्या कडेला यामिनी टीचर आणि त्यांची पोरं, बाटल्या आणि वळवळे घेऊन. चंचलला नवा फ्रॉक घालून पाटावर बसवलं होतं. तिला वाटत होतं आज तिचा वाढदिवस असावा. ती आईकडं बघून हसली. बयनाबाईनं तिच्याकडं पाहिलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

विभूती पडली, काडी फिरली, भजनं झाली, फडकं उठलं. नितळ! महाराजांनी पितळी पेला भरून बयनाबाईच्या हातात दिला.

"माते, पाज. हे जल आता गंगेहून पवित्र आहे. याची कंपनं बदलली आहेत."

पेला गार होता. एवढा गार, की तिच्या भाजलेल्या हाताला तो झोंबला. बयनाबाई दचकली. किती दिवसांनी काहीतरी झोंबलं होतं. तिनं पेल्यात पाहिलं. पेल्याचा तळ स्वच्छ दिसत होता आणि तिला खिडकीतली बाटली आठवली, त्या बाटलीचाही तळ असाच दिसत होता.

चंचलनं तोंड उघडलं.

"कशावरून?" बयनाबाई म्हणाली.

भजन्यांनी माना वळवल्या. महाराजांनी डोळे उघडले. "काय म्हणालीस, माते?"

"पानी चांगलं झालं, कशावरून?"

बाभळीवरचं एक पोरगं खुदकन हसलं.

"डोळ्यांनी दिसत नाही का? बघ, किती नितळ आहे!"

"नितळ हाये. थे दिसून राह्यलं. चांगलं हाये कशावरून?" तिचा आवाज हळू होता, पण तिथं एवढी शांतता झाली होती की तो सगळ्यांना ऐकू गेला. "तुमी प्या पहिले."

"आज आमचा निर्जळ उपवास आहे," महाराज चटकन म्हणाले.

"मंग पटेल पेतीन."

चंपतराव पटेल आपल्या पायातला काटा शोधायला लागले.

"सूनबाई!" नागोराव ओरडला. "काय करून राह्यली? पाज ना!"

बयनाबाईनं पेला ओट्यावर ठेवला. "टीचर, तुमचे वळवळे आना."

रूपालीनं पेल्यात चमचाभर वळवळे सोडले. शेजारी तिनं दोन काचेचे ग्लास मांडले. एकात बोरिंगचं पाणी, दुसऱ्यात बोरिंगचंच गढूळ केलेलं आणि तुरटीनं नितळ केलेलं. त्यांतही वळवळे. यामिनी टीचर शांतपणे म्हणाल्या, "महाराज, तुमचं भजन चालू द्या. आम्हाला घाई नाही."

आता भजन कसलं! पण बायकांनीच धरलं. एक म्हातारी आसरांची गाणी म्हणायला लागली, दुसरीनं साथ दिली. बाभळीवरची पोरं खाली उतरली. माणसं ओट्याभोवती दाटली. ग्लासांमध्ये वळवळे वरखाली करत होते. पेल्यातले गरगर फिरायला लागले. मग वाकडे झाले. मग एकेक करून तळाला गेले, आणि गाणी आपोआप बंद पडली.

महाराज काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"जय हो! देखा? दुष्ट जीव मेले! पवित्र जलात पापी किडा तग धरू शकत नाही. याहून मोठं प्रमाण काय पाहिजे?"

आणि काय सांगावं, गर्दी डुलली. दोघातिघांनी "जय हो" म्हटलंसुद्धा. यामिनी टीचरनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी बयनाबाई बोलली.

"मासोळ्या पन दुष्ट होत्या का, महाराज?"

महाराजांनी बरणीवरचा हार सारखा केला.

"बकरी दुष्ट होती? ओकून राह्यले थे लेकरं दुष्ट हायेत?" तिचा आवाज फाटला. "अन् हिचा बाप? सांगा ना! थो पन पापी किडा होता का?"

महिनाभर अडकलेलं सगळं एकदम वर आलं, राग आणि रडू दोन्ही, आणि तिला त्यातलं काही आवरता येईना. चंचल पाटावरून उठून तिच्या लुगड्याला बिलगली.

तेवढ्यात मयूरी पुढं आली. तिनं पहिल्या दिवसापासून एक गोष्ट हेरून ठेवली होती. "महाराजांजवळ दोन पिशव्या हायेत. कपाळाले अंगारा लावतात थो खांद्यावरच्या पिशवीतला. बरनीत टाकतात थो कमरेच्या पिशवीतला. कमरेचा थे कोनालेच देत नाई. काऊन?"

नागोराव ओट्यावर चढला. म्हाताऱ्यानं ज्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं त्यांच्यासमोर हात पसरला. "महाराज, थ्या पिशवीतला प्रसाद द्या मले."

"तो देवीचा आहे, तुला पेलणार नाही."

"मी आता काय बी पेलतो."

पिशवी ओढाताणीत सुटली आणि ओट्यावर पांढरी भुकटी सांडली. नागोरावानं बोट बुडवून जिभेला लावलं. त्याचं तोंड आवळलं, गाल आत गेले. गावातला प्रत्येक माणूस न्हाव्यासमोर बसलेला असतो. त्या तोंडाकडं बघूनच सगळ्यांना कळलं.

"तुरटी हाय," नागोराव म्हणाला. "राखीत घोटलेली तुरटी."

मग यामिनी टीचर बोलल्या. भाषण केलं नाही, वर्गात सांगतात तसं सांगितलं. तुरटी माती खाली बसवते, पाण्यात विरघळलेलं विष काढत नाही. गढूळ पाणी निदान माणसाला सावध तरी करतं. या महाराजांनी विषाचा रंग काढून ते लेकराच्या तोंडाशी नेलं. विष कुठून आलं, हे मात्र टीचरनी सांगितलं नाही. त्यांनी रूपालीकडं पाहिलं. रूपालीनं उताराकडं बोट दाखवलं, जिथं रिकाम्या बाटल्या दगडात अडकल्या होत्या आणि जिथं काल संध्याकाळी निम्मं गाव पंप धूत होतं.

माणसांनी खाली बघितलं. बायकांनीही, कारण धुतल्याशिवाय आत आणू नका, असं सांगणाऱ्या त्याच होत्या.

"म्हनजे देवानंदले आसरायनं नाई नेलं," नागोराव हळूच म्हणाला.

"नाही, काका," टीचर म्हणाल्या. "उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारत होते ते. कातडीतून गेलं, श्वासातून गेलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं असेल."

तेव्हा बयनाबाईला दवाखान्यातला तो डॉक्टर आठवला. त्याचे हिंदी शब्द तिला आता, इतक्या दिवसांनी, कळले. दवा अंदर गया. पुन्हा पुन्हा हेच म्हणत होता तो. ती खाली बसली आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा पोट भरून रडली. देवकाबाई येऊन तिच्याजवळ बसली. मग दुसऱ्या बायका आल्या. ज्यांनी तिच्या हातचा भात बंद करायला सांगितलं होतं, त्याही आल्या. त्यांच्यातल्या एकीनं चंचलला मांडीवर घेतलं.

या गडबडीत निर्मळनाथ महाराजांना दुसऱ्या गावच्या आसरांची हाक ऐकू आली आणि ते पटेलांच्या जीपमधून निघाले. बरणी मात्र राहिली. ती हल्ली शाळेत असते. मुलं तीत बोरिंगचं पाणी भरून वळवळे पाळतात.

एवढं होऊन नाला काही आठवड्याभरात बरा झाला नाही. मासे अजून आले नाहीत. पण आता लोक पंप वावरातच धुतात आणि धुतलेलं पाणी तिथल्याच कपाशीवर मारून टाकतात. बाटल्या नाल्यात जात नाहीत. मोकळा झालेला पंप वावरातल्या कुलूपबंद पेटीत राहतो, घरी येतच नाही, त्यामुळं रीतही मोडली नाही. डाळ बोरिंगच्या पाण्यात शिजत नाही म्हणून बायका कुरकुरतात, आणि आदल्या रात्रीच भिजत घालतात. नागोराव फवारायला निघाला की सून त्याला अंगभर सदरा आणि तोंडावरचा मास्क घातल्याशिवाय सोडत नाही, आणि तो गावभर तिची तक्रार करतो.

एका दुपारी चंचल खेळून धापा टाकत स्वयंपाकखोलीत आली. बयनाबाईनं तिला बोरिंगच्या पाण्याचा ग्लास दिला. पोरीनं ग्लास उजेडात धरला, आत निरखून पाहिलं आणि विचारलं, "आई, हे चांगलं हाये कशावरून?"

पूर्वीची बयनाबाई म्हणाली असती, पी गुमान. आता तिला एकदम हसू फुटलं आणि मग डोळे भरून आले. तिनं पोरीला कडेवर घेऊन खिडकीपाशी नेलं, बरणीतले वळवळे दाखवले.

"हे जितात म्हनजे यात फवारनीचं औषध नाई, येवढंच समजते," ती म्हणाली. "बाकीचं टीचरनं शहरात तपासाले देलं हाये. तोवर उकळून पेवाचं. हे उकळलेलं हाये. म्या सोता उकळलं."

चंचलनं थोडा विचार केला आणि पाणी पिऊन टाकलं.

बाबांनो, बायांनो, देव मानायचे तर माना, आसरांच्या दगडांना शेंदूर लावायचा तर लावा, तो तुमचा प्रश्न. पण कोणी लेकराच्या तोंडाला पेला लावायला सांगितलं, तर एवढं एकदा विचारा. विचारल्यानं कोणताही देव कोपत नाही. ज्याला राग येतो, त्याच्या कमरेची पिशवी तेवढी बघा.